खटला न भरण्याचं वचन

२००० सालानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडात निघालेली रोलप्लेइंग खेळांची पुस्तकं चाळत गेलं की शेकडो पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तोच तो मजकूर भेटतो. बारीक टाइप, खच्चून भरलेले रकाने, पंधरा कलमं. पंधराव्या कलमाखाली एखाद्या घराण्याच्या वंशावळीसारखी यादी असते. सगळ्यांत वर विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी आणि २००० हे साल, त्याखाली कुणी दुसरा प्रकाशक, त्याचं पुस्तक, त्याचं साल, मग तिसरा, चौथा, आणि अगदी तळाशी आपल्या हातातलं पुस्तक. खेळणारा हे पान वाचत नाही. फासे टाकायला बसलेल्या माणसाने ते का वाचावं? छापणाऱ्याला मात्र ते पुस्तकाची पहिली ओळ लिहिण्याआधी वाचावं लागतं. जो वाचत नाही, त्याला ते पुढे कधीतरी वकिलासमोर बसून वाचावं लागतं.

प्रस्तुत पुस्तक या शेवटच्या पानाबद्दल आहे. एका कंपनीने आपल्या खेळाचे नियम इतर प्रकाशकांना, एक पैसाही न घेता, वापरायला दिले. मग तेवीस वर्षांनी ते परत घेता येतात का याची चाचपणी केली. आणि तीन आठवड्यांत तिला माघार घ्यावी लागली. ही हकीगत खेळांच्या जगाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. मराठीत तर तिच्यावर सलग काही वाचल्याचं मला आठवत नाही.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक सूत्रधार. खेळणारे त्याला डीएम म्हणतात. तो प्रसंग उभा करतो: पडका बुरुज, आत उजेड, दार बंद. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कुणी म्हणतो, मी दार ढकलतो. दार उघडलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या ताकदीचा आकडा मिळवायचा, आणि बेरीज सूत्रधाराच्या मनातल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त आली तर दार उघडलं. पट नसतो, कुणी जिंकत नाही, खेळ महिनोन्‌महिने चालू राहतो. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या, आणि पहिली छपाई हजार खोक्यांची होती. गायगॅक्सच्या कंपनीचं नाव टीएसआर.

या खेळाची एक गंमत अशी की तो विकत घेणारा लगेच लेखक होतो. सूत्रधाराला दर बैठकीसाठी नवा बुरुज लागतो, नवे राक्षस लागतात, नवं गाव लागतं. तो ते वहीत लिहितो, मित्रांना खेळवतो, आणि चांगलं जमलं तर त्याला वाटतं, हे छापलं तर चार लोक विकत घेतील. बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या मनात असला विचार येत नाही. गिऱ्हाईक आणि प्रतिस्पर्धी यांच्यात इथे फक्त एका छापखान्याचं अंतर असतं. परवान्याचा सगळा प्रश्न त्या अंतरात जन्मतो.

आता मुळाशी जाऊ. हे नियम कुणाच्या मालकीचे? सरळ उत्तर असं की कुणाच्याच नाहीत. कॉपीराइट मांडणीवर असतो, पद्धतीवर नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ च्या 'बेकर विरुद्ध सेल्डन' या खटल्यात हे जमाखर्चाच्या वह्यांच्या निमित्ताने सांगून ठेवलं. चार्ल्स सेल्डनने हिशेब ठेवण्याच्या आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात रकाने आखून दाखवले होते. बेकरने साधारण तसेच रकाने आखून आपलं पुस्तक काढलं. न्यायालयाचा निवाडा असा की सेल्डनचं लेखन सेल्डनचं, पण हिशेब त्या पद्धतीने कुणीही ठेवावा. १९७६ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्यात हेच तत्त्व कलमाच्या रूपाने बसलं. आपल्याकडेही वाट तीच आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांचा 'स्क्रॅब्युलस' फेसबुकवर गाजला तेव्हा मॅटेल ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २००८ च्या आदेशात न्यायालयाने स्क्रॅबलच्या पटावरचा आणि नियमांवरचा कॉपीराइट प्रथमदर्शनी मानला नाही. नाव मात्र वापरू दिलं नाही, कारण नाव हा ट्रेडमार्कचा मामला. अमेरिकेत आणि कॅनडात स्क्रॅबलचे हक्क मॅटेलकडे नव्हते, हॅस्ब्रोकडे होते. हॅस्ब्रो हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

नियम जर कुणाचेच नाहीत, तर परवाना कशाला? इथेच घोडं पेंड खातं. साधा गॉब्लिन घ्या. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या चिलखताचा आकडा १५, अंगात जीव ७, वार करताना फाशात ४ मिळवायचे, आणि वार लागला तर सहा बाजूंच्या फाशावर पडेल तो आकडा अधिक २ इतकी इजा. १५ कुणाच्या मालकीचा नाही, ७ कुणाच्या मालकीचा नाही, आणि गॉब्लिन तर युरोपातल्या आजीबाईंच्या गोष्टींतला. पण तोच गॉब्लिन, तेच आकडे, त्याच क्रमाने, शेजारी त्याच्या स्वभावाचं दोन ओळींचं वर्णन, आणि असे तीनशे प्राणी एका बांधणीत घातले, तर? नेमक्या कितव्या प्राण्यापाशी पद्धत संपते आणि पुस्तक सुरू होतं, हे न्यायाधीशच सांगू शकतो. आणि तो सांगेपर्यंत तीन माणसांचा प्रकाशनाचा धंदा वकिलाची फी भरून बसलेला असतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे त्या प्रकाशकालाही कळतं आणि त्याच्यावर नोटीस धाडणाऱ्या कंपनीला तर फारच चांगलं कळतं.

तेव्हा मुक्त परवान्याने नियम मिळतात हा समज सोडून पुढची पानं वाचावीत. नियम कायद्याने आधीच मोकळे आहेत. परवान्याने मिळते ती निर्धास्ती. बलवान पक्ष लिहून देतो की एवढ्या हद्दीत राहा, मी तुझ्यावर खटला भरणार नाही. असं वचन घेतलं की दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. बदल्यात आपण काय सोडलं? आणि वचन देणाऱ्याचं मन बदललं तर?

हे वचन हवंहवंसं का वाटलं, हे कळायला टीएसआरचा काळ पाहावा लागतो. सुरुवातीला कंपनी मोकळी होती. इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावच्या जजेस गिल्डने १९७६ पासून टीएसआरच्या परवानगीने खेळाला पूरक साहित्य छापलं. पुढे धंदा वाढला तसा कंपनीने हात आखडता घेतला. मेफेअर गेम्सने १९८२ पासून 'रोल एड्स' नावाची माला काढली, तीही डन्जन्स अँड ड्रॅगन्सला चालणारी, पण परवान्याशिवाय. १९८४ मध्ये दोघांत करार झाला. १९९१ मध्ये टीएसआरने खटला भरला, आणि तो लढवला गेला मुख्यतः त्या कराराच्या भंगावर. मेफेअरने करारातल्या काही अटी मोडल्याचं १९९३ मध्ये ठरलं, आणि शेवटी टीएसआरने ती मालाच विकत घेऊन प्रकरण मिटवलं. इथे जरा थांबायला हवं. मेफेअरला अडचणीत आणलं ते तिने सही केलेल्या कागदाने. कायद्याने जी मोकळीक होती ती तिने शांततेसाठी कराराने बांधून घेतली होती. ज्यांना परवाना म्हणजे निव्वळ सवलत वाटते त्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

नव्वदीत इंटरनेट आलं आणि घरी रचलेले राक्षस इंटरनेटवर टाकणाऱ्या हौशी मंडळींच्या मागेही कंपनी लागली. तेव्हाचे खेळाडू टीएसआर या आद्याक्षरांची फोड 'दे सू रेग्युलरली', म्हणजे हे नेमाने खटले भरतात, अशी करत. खुद्द गायगॅक्सलाही त्यातून सूट नव्हती. कंपनीतून बाहेर पडल्यावर त्याने लिहिलेल्या नव्या खेळावरून टीएसआरने १९९२ मध्ये त्याच्या प्रकाशकाला कोर्टात खेचलं.

त्याच वर्षी सिअ‍ॅटलजवळ पीटर अ‍ॅडकिसन नावाच्या तरुणाने आपल्या घरच्या तळघरातून चालणाऱ्या कंपनीचं पहिलं पुस्तक काढलं. हीच विझार्ड्स ऑफ द कोस्ट. 'द प्रायमल ऑर्डर' हे देवदेवतांवरचं पुस्तक कुठल्याही खेळात वापरता यावं म्हणून त्याने मागे इतर कंपन्यांच्या खेळांसाठी आकड्यांची रूपांतरं दिली होती. त्यांतल्या एका कंपनीने, पॅलेडियमने, खटला भरला. नव्या कंपनीचा जीव जाता जाता वाचला, आणि १९९३ मध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने तिच्या दारी अक्षरशः पैशांचा पूर आणला. १९९७ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेली टीएसआर अ‍ॅडकिसननेच विकत घेतली. दुसऱ्याच्या खेळाला जोडून काही छापलं म्हणून ज्याने अंगावर खटला झेलला, तोच आता त्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या खेळाचा मालक झाला. १९९९ मध्ये विझार्ड्स हॅस्ब्रोने घेतली, पण २००० साली मुक्त परवाना निघाला तेव्हा विझार्ड्सची सूत्रं अजून अ‍ॅडकिसनकडे होती.

परवान्याची कल्पना रायन डॅन्सीची. तो डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा धंदा पाहत असे. रिचर्ड स्टॉलमनचा जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना आणि एरिक रेमंडचं मुक्त सॉफ्टवेअरवरचं लेखन त्याने वाचलं होतं, आणि तो विचार खेळाला लावता येईल असं त्याला वाटलं. त्याचा हिशेब व्यापाऱ्याचा होता. साहसकथांची पातळ पुस्तकं लिहायला वेळ लागतो, छापायला खर्च येतो आणि ती खपतात थोडी. खपतं ते मुख्य नियमपुस्तक. मग पातळ पुस्तकांची कटकट इतरांना करू द्यावी. त्यांच्या प्रत्येक पुस्तकामागे आपलं मुख्य पुस्तक खपेल. तळं राखील तो पाणी चाखील, आणि तळ्यावर जितकी गर्दी तितकं राखणाऱ्याचं भलं. दुसरं कारण त्याने पुढे अनेकदा सांगितलं: १९९७ मध्ये एका कंपनीच्या दिवाळ्यापायी हा खेळ कायमचा बुडता बुडता राहिला, ती वेळ पुन्हा येऊ नये. नियम सगळ्यांच्या हातात असले की मालक बुडाला तरी खेळ बुडणार नाही. डॅन्सीची दोन्ही कारणं मला खरी वाटतात. उदारपणा आणि फायदा एकाच कागदावर मावू शकतात, एवढंच.

कागद दोन होते, आणि त्यांतली चलाखी दुसऱ्यात होती. पहिला 'ओपन गेम लायसन्स', म्हणजे ओजीएल: कायमचा, जगभर चालणारा, रॉयल्टी नसलेला. त्याच्यासोबत तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांचा एक मोठा दस्तऐवज खुला केला, ज्याला सगळे एसआरडी म्हणतात. दुसरा कागद 'डी-ट्वेंटी' या बोधचिन्हाचा परवाना. हे चिन्ह मुखपृष्ठावर लावलं की दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला कळे की पुस्तक कुठल्या खेळाला चालतं. अट अशी की त्या पुस्तकात नवं पात्र कसं तयार करायचं आणि अनुभवाने ते कसं वाढतं, हे छापायचं नाही. म्हणजे साहस कुणाचंही घ्या, पात्र करायला विझार्ड्सचंच पुस्तक आणा. शिवाय ओजीएल कायमचा, पण चिन्हाचा परवाना कंपनी वाटेल तेव्हा काढून घेऊ शकत होती. २००८ मध्ये तिने तो काढून घेतलाही.

ओजीएल हाती घेऊन वाचला तर त्यात दोन पेट्या दिसतात. एकीत मोकळा मजकूर, दुसरीत 'प्रॉडक्ट आयडेंटिटी', म्हणजे राखीव सामान. कुठली गोष्ट कुठल्या पेटीत, हे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकात जाहीर करायचं. मोकळ्या मजकुरावर दुसऱ्याने काही रचलं तर त्याने मूळ मजकूर मोकळाच ठेवायचा आणि पंधराव्या कलमाखाली सगळ्या पूर्वसूरींची नावं उतरवायची. विझार्ड्सने राखीव पेटीत ठेवलेल्या गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. डोळ्यांचा गोळा असलेला बिहोल्डर आणि मेंदू खाणारा माइंड फ्लेअर तिथे, कारण ते पूर्णपणे घरचे. जादूच्या मंत्रांवर मात्र बारीक शस्त्रक्रिया झाली. 'मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरो' या मंत्रातला आम्लाचा बाण खुला, मेल्फ राखीव. 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क' मधली तरंगती तबकडी खुली, टेन्सर राखीव. टेन्सर हे गायगॅक्सच्या अर्नेस्ट नावाच्या मुलाच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून केलेलं, घरच्या टेबलावरच्या पात्राचं नाव. बापलेकांच्या खेळातलं नाव तिजोरीत गेलं आणि मंत्र रस्त्यावर आला. परवान्याच्या भाषेत हे अगदी रास्त आहे.

सातव्या कलमाकडे मात्र माझ्या मते पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही. त्यानुसार, वेगळी परवानगी नसेल तर, परवाना वापरणाऱ्याने आपलं पुस्तक दुसऱ्या कुणाच्या ट्रेडमार्कशी जुळतं असं म्हणायचं नाही. एखादा सुटा भाग अमुक गाडीला बसतो असं खोक्यावर खरेपणाने छापायला अमेरिकेत सहसा कुणाची परवानगी लागत नाही. ओजीएल स्वीकारणाऱ्या प्रकाशकाने हा हक्क स्वखुशीने सोडला. त्यामुळे पुढे पुस्तकांच्या पाठीवर 'जगातल्या सर्वांत लोकप्रिय रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी' असले मथळे दिसू लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही कंपनीनेच घातलेल्या अटीमुळे.

ऑगस्ट २००० मध्ये मिलवॉकीच्या जेन कॉन मेळ्यात नव्या आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तक आलं आणि त्याच मेळ्यात अ‍ॅटलस गेम्सचं 'थ्री डेज टू किल' आणि ग्रीन रोनिनचं 'डेथ इन फ्रीपोर्ट' ही बाहेरच्यांची साहसं विक्रीला होती. नंतर तीन वर्षं नुसती झुंबड. बरीच पुस्तकं टाकाऊ होती. २००३ मध्ये कंपनीने साडेतीनावी आवृत्ती काढली, दुकानांत पडलेला जुना माल एका रात्रीत शिळा झाला, आणि कितीतरी छोटे प्रकाशक आडवे झाले. त्याबद्दल परवान्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. गर्दीत पडझड व्हायचीच.

याहून मोलाचं काम त्या वेळी कोपऱ्यात चाललं होतं. जुन्या, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या नियमांवर जीव असलेली मंडळी होती. ती पुस्तकं बाजारातून गेली होती आणि कंपनीने ती खुली केली नव्हती. या मंडळींनी डोकं लढवलं. तिसऱ्या आवृत्तीच्या खुल्या दस्तऐवजात आवश्यक ती सगळी परिभाषा होती: चिलखताचा वर्ग, जिवाचे आकडे, प्राण्यांची नावं, मंत्रांची नावं. जुन्या नियमांची पद्धत तर कायद्यानेच मोकळी. मोकळी परिभाषा आणि मोकळी पद्धत एकत्र करून, जुन्या पुस्तकांतलं एकही वाक्य न उचलता, जुना खेळ नव्या शब्दांत पुन्हा लिहिता येत होता. २००६ मध्ये स्टुअर्ट मार्शल आणि मॅट फिंच यांचं 'ऑस्रिक' असंच आलं. पुढच्या वर्षी ख्रिस गॉनरमनचं 'बेसिक फँटसी' आणि डॅनियल प्रॉक्टरचं 'लॅबिरिंथ लॉर्ड'. 'ऑस्रिक' चा मूळ हेतू खेळणं हा नव्हताच. त्याच्याकडे बोट दाखवून इतरांना जुन्या आवृत्तीसाठी साहसं छापता यावीत, हा होता. यातून एक अख्खी चळवळ उभी राहिली, आणि आज तिची पुस्तकं मूळ पुस्तकांपेक्षा मांडणीत सरस आहेत. डॅन्सीने पुढच्या आवृत्त्यांची सोय केली. लोकांनी तिच्यातून मागच्याही सोडवून आणल्या.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि कंपनीने ओजीएल बाजूला ठेवून जीएसएल नावाचा आखूड परवाना पुढे केला. तो कंपनी कधीही बदलू शकत होती. पायझो ही कंपनी त्याआधी विझार्ड्ससाठी 'ड्रॅगन' आणि 'डन्जन' ही मासिकं चालवत होती. २००७ मध्ये ती तिच्याकडून काढून घेण्यात आली. पायझोने नव्या परवान्यावर सही केली नाही. तिने साडेतीनाव्या आवृत्तीचे मोकळे नियम उचलले, दुरुस्त केले आणि ऑगस्ट २००९ मध्ये 'पाथफाइंडर' म्हणून छापले. काही वर्षं दुकानांतल्या विक्रीच्या यादीत पाथफाइंडर मूळ खेळाच्या वर होता. कंपनीला आपल्याच जुन्या खेळाने आपल्याच परवान्याच्या जोरावर हरवलं. २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये तिचे नियम निमूटपणे पुन्हा जुन्याच ओजीएलखाली खुले झाले.

आता दुसरा प्रश्न, वचन देणाऱ्याचं मन बदललं तर. डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स यांनी गुंतवणूकदारांपुढे बोलताना सांगितलं की या खेळातून जितकं उत्पन्न निघायला हवं तितकं निघत नाही. ५ जानेवारी २०२३ रोजी 'गिझमोडो' च्या लिंडा कोडेगा यांनी नव्या परवान्याच्या, ओजीएल १.१ च्या, फुटलेल्या मसुद्याची बातमी दिली. वर्षाला साडेसात लाख डॉलरांच्या वर उलाढाल झाली तर वरच्या रकमेवर २५ टक्के रॉयल्टी. पन्नास हजारांच्या वर गेलात तर उत्पन्नाचा हिशेब कळवा. तुम्ही लिहिलेलं वापरायचा कायमचा हक्क कंपनीला. आणि मुख्य मेख अशी की जुना १.० अ परवाना आता 'अधिकृत' राहिलेला नाही.

ही मेख नवव्या कलमात होती. परवान्याची कुठलीही अधिकृत आवृत्ती वापरा, असं तिथे म्हटलं होतं. कंपनीने उलट बाजूने वाचलं: आम्ही अनधिकृत ठरवली ती आवृत्ती मेली. परवाना 'कायमचा' आहे असं चौथं कलम म्हणत होतं, पण 'मागे न घेता येणारा' हे शब्द पंधरा कलमांत कुठेही नव्हते. २००० साली ते कुणाला आवश्यक वाटले नाहीत. वर्षानुवर्षं कंपनीच्याच प्रश्नोत्तरांत लिहिलेलं होतं की आम्ही बदल केला आणि तुम्हाला पटला नाही तर जुनी आवृत्ती खुशाल वापरा. डॅन्सीनेही जानेवारी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं की परवाना मागे घेता यावा असा हेतू कधीच नव्हता. कोर्टात काय टिकलं असतं, यावर वकिलांत दोन तट पडले. पण ज्याच्या गोदामात पाच हजार प्रती आहेत त्याच्या दृष्टीने दोन तट पडणं हाच निकाल. निर्धास्तीसाठी घेतलेला कागद धास्तीचं कारण झाला.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. द्वेषाने भरलेला मजकूर आपल्या खेळाच्या नावाखाली खपू नये, मोठ्या धंदेवाल्यांनी आपल्या जिवावर बस्तान बसवू नये, असं तिचं म्हणणं होतं. पण अटींचा मसुदा वाचल्यावर हे म्हणणं कुणाच्या कानी शिरेना. खेळाडूंनी डीअँडडी बियाँडची वर्गणी बंद करायला सुरुवात केली, आणि ही संकेतसेवा हॅस्ब्रोने आदल्याच वर्षी १४ कोटी डॉलरांहून जास्त मोजून घेतलेली होती. १२ जानेवारीला पायझोने आपला स्वतंत्र परवाना जाहीर केला; कोबोल्ड प्रेस, केऑसियम, ग्रीन रोनिन सोबत आले. कंपनीने १९ तारखेला नरमाईचा मसुदा काढून लोकांची मतं मागवली. पंधरा हजारांवर लोकांनी ती दिली, आणि त्यांतल्या ८८ टक्क्यांनी या परवान्याखाली आपण काही छापणार नाही असं कळवलं. २७ जानेवारीला कंपनीने हात टेकले: जुना ओजीएल जसाच्या तसा, आणि वर पाचव्या आवृत्तीचा सगळा एसआरडी 'क्रिएटिव्ह कॉमन्स' च्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली. तो परवाना कंपनीने लिहिलेला नाही, त्याची आवृत्ती ती बदलू शकत नाही, आणि २००० साली राहून गेलेले ते 'मागे न घेता येणारा' हे शब्द त्यात स्वच्छ छापलेले आहेत.

पायझोचा ओआरसी परवाना त्याच वर्षी पुरा झाला, आणि नोव्हेंबरात पाथफाइंडर नव्याने छापून निघाला. त्यात ओजीएलच्या वारशाच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. पात्रांच्या सदसद्‌वृत्तीची जुनी वर्गवारी गेली, 'मॅजिक मिसाइल' हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मंत्र 'फोर्स बराज' झाला. वचन एकदा डळमळलं की मग ते पाळलं गेलं तरी माणूस घर बदलतो. या सगळ्यात मला अधूनमधून व्हिन्सेंट आणि मेगी बेकर या दांपत्याची आठवण होते. त्यांच्या २०१० च्या 'अ‍ॅपोकॅलिप्स वर्ल्ड' च्या पद्धतीवर कितीतरी खेळ निघाले. परवाना कोणता घ्यायचा, असं लोक विचारत, आणि बेकर सांगत की आमचे शब्द उचलत नसाल तर काहीच घेऊ नका. कायदा त्यांनी जसा आहे तसा सांगितला. मोठ्या कंपन्यांना हे इतकं सोपं का वाटत नाही, याचं उत्तर या पुस्तकात आहे आणि ते फार गोड नाही.

मराठी वाचकाला यात कामाचं काय? पाचव्या आवृत्तीचा खुला दस्तऐवज इंग्रजीखेरीज फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये कंपनीने स्वतः काढला. मराठीत तो आणायचा तर कुणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही. भाषांतर करा, कापा, वाढवा, छापा, विका. आत एक परिच्छेद घालून मूळ कुणाचं, परवाना कोणता आणि आपण बदल केलेत हे सांगा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हे नाव मुखपृष्ठावर आपलं म्हणून लावू नका, कारण सीसी-बायमध्ये ट्रेडमार्क येत नाही.

समजा, अशा पुस्तकात कुणी कोकणातल्या घाटवाटेवरचा खवीस घातला. खवीस कुणाच्याच राखीव पेटीत नाही. पण त्याला आकडे द्यावे लागतील, आणि त्याची एक गोष्टही लिहावी लागेल. सीसी-बायच्या दस्तऐवजावर हे रचलं तर आकडे आणि गोष्ट दोन्ही लेखकाला स्वतःकडे राखता येतात. तो परवाना पुढच्याने मोकळं ठेवलंच पाहिजे असं म्हणत नाही. ओआरसीखाली रचलं तर खविसाच्या खेळाचे आकडे आणि पद्धत आपोआप सगळ्यांची होते, ती अडवता येत नाही. त्याचं नाव, गाव, पूर्वकथा लेखकाची राहते. जुन्या ओजीएलखाली कुठली रेघ कुठे ओढायची हे लेखकाने स्वतः लिहून जाहीर करायचं. तिन्ही परवान्यांचे मसुदे पुढे दिले आहेत. घाई असेल त्याने ओजीएलचं सातवं आणि नववं कलम आधी वाचावं आणि मग मागे यावं.